आश्विनातली धावपळ: सायकल, पिशव्या आणि कवितेची वही

दसरा ते दिवाळी हे दिवस सायकलवर कामे उरकणाऱ्यांचे, तसेच हौसेने कविता लिहिणाऱ्यांचेही. पाऊस ओसरलेला असतो, बाजार भरलेला असतो आणि कोजागिरीला गच्चीवर कोण काय म्हणणार याची यादी सोसायटीत फिरू लागते. या महिन्याची पत्रेही याच तीन गोष्टींवर आली आहेत. उत्तरे आमच्या सायकल आणि काव्य या दोन्ही सदरांच्या लेखकांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोथरूडहून पेठांत जाऊन एकाच फेरीत सगळे आणायचे आहे: शिंप्याकडचे कपडे, मुलांच्या वह्या, किराणा, मंडईतली भाजी, झेंडू आणि आपटा. साधी कॅरियरवाली सायकल आहे. जमेल का? (वाचक, पुणे)

जमेल, पण क्रम नीट लावला तरच. घराजवळचे दुकान आधी आणि लांबचे नंतर असा हिशेब इथे चालत नाही. सपाट आणि चुरगळले तरी चालेल असे आधी, जड मधे, नाजूक सर्वांत शेवटी. म्हणजे अप्पा बळवंत चौकातल्या वह्या पहिल्या, कारण त्या कॅरियरवर आडव्या बसतात आणि बाकीच्या सामानाला पाया मिळतो. मग किराणा आणि भाजी. शिंप्याकडचे कपडे त्यानंतर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, म्हणजे भाजीचे पाणी लागणार नाही. झेंडू सगळ्यांत शेवटी.

झेंडूबद्दल थोडे सविस्तर, कारण दरवर्षी फसगत इथेच होते. फुलांवर पाणी मारलेले असले तर ती ताजी दिसतात आणि वजनालाही जास्त भरतात, पण पिशवीत बंद केली की सकाळपर्यंत देठाकडून काळी पडून सडू लागतात. फूल उलटे करून देठाजवळचा हिरवा भाग दाबून पाहा. तो घट्ट आणि कोरडा हवा. एक मीटर तोरणाला मध्यम आकाराची चाळीसच्या आसपास फुले लागतात, आंब्याची पाने मधे घातली तर त्याहून कमी. घरी आल्यावर फुले पिशवीतून लगेच काढून वर्तमानपत्रावर एका थरात पसरा. फ्रिजची गरज नाही, वारा लागणे महत्त्वाचे.

लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी आहेत आणि सणाच्या दिवसांत तिथली व्यवस्था बदलतेही. सायकलला एकेरीचा नियम लागू नाही असे समजून उलट्या दिशेने जाणारे बरेच दिसतात. ते धोक्याचे आहे, कारण समोरून येणारा त्या बाजूला पाहतच नाही. उलट जायचेच असेल तर उतरून सायकल हातात धरून कडेने चला. मंडईजवळ सायकल कुलपात लावून तुळशीबाग आणि आसपासची दुकाने पायीच करावीत. त्या गर्दीत सायकल ढकलत नेण्यात वेळ आणि दुसऱ्यांचे पाय दोन्ही जातात.

आता वजन. बऱ्याच साध्या कॅरियरवर २५ किलोपर्यंतची मर्यादा कोरलेली असते, तुमच्यावर काय आहे ते वाचून घ्या. पण मर्यादेइतकेच महत्त्व वजन कुठे आहे याला आहे. कॅरियरवर उंच रचलेले ८ किलो, दोन्ही बाजूंना खाली लटकणाऱ्या पिशव्यांमधल्या १२ किलोंपेक्षा जास्त डोलतात. कांदे, बटाटे, गूळ, तेलाचा डबा हे खाली आणि शक्यतो मागच्या चाकाच्या आसाच्या रेषेत ठेवा. आसाच्या मागे गेलेले वजन चढावर पुढचे चाक हलके करते आणि हँडल वळवळू लागते. दोन बाजूंच्या वजनात किलो-दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. पिशवी लावल्यावर निघण्याआधी पेडल मागे फिरवून टाच पिशवीला घासते का ते बघा. घासत असेल तर पिशवी दोन बोटे मागे सरकवा.

बांधायला जुन्या ट्यूबचा, दोन-तीन सेंटीमीटर रुंद कापलेला पट्टा सर्वांत चांगला. तो ताणून फुलीसारखा बांधा आणि उरलेले टोक पट्ट्याखाली खोचा. लोंबणारे टोक, ओढणी, पिशवीचा बंद यांपैकी काहीही आऱ्यांत गेले की चाक जागच्या जागी अडकते. याच कारणासाठी हँडलला पिशव्या अडकवू नका. वळताना पिशवी झोका घेते, पुढच्या आऱ्यांत जाते आणि स्वार हँडलवरून पुढे पडतो. समोर बास्केट असेल तर तीत पाण्याची बाटली, पाकीट, फुले एवढेच ठेवा.

एका बाजूचे स्टँड मागच्या दहा किलोला टिकत नाही. सायकल भिंतीला टेकवून सामान चढवा आणि घरी आल्यावर कपडे-फुले नव्हे, जड पिशव्या आधी उतरवा, तेही आलटून पालटून. वजन असताना थांबायला जास्त अंतर लागते, म्हणून पुढच्या वाहनापासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबा.

वेळेचे म्हणाल तर सकाळी साडेआठ-नऊला निघून बाराच्या आत घरी यावे. ऑक्टोबरचे दुपारचे ऊन पुण्यातही चांगलेच जाणवते आणि फुले-पालेभाजी दोन्ही त्यात माना टाकतात. राहिलेले काम संध्याकाळी करणार असाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा. मागे लाल दिवा हवाच, आणि तो पिशव्यांमागे झाकला जाणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे सीटच्या दांड्याऐवजी कॅरियरच्या टोकाला लावा.

दसऱ्याला सायकलची पूजा कराल तेव्हा हार हँडलला घाला, पण रस्त्यावर काढण्याआधी तो उतरवा. तेलकट हातांनी रिमला हळदकुंकू लावू नका. तिथे तेल लागले की ब्रेक धरत नाहीत.

प्रश्न: चार महिने जिन्याखाली उभी असलेली जुनी काळी सायकल बाहेर काढली. चेन गंजली आहे आणि चालवताना ठरावीक अंतराने 'कट्' असा आवाज येतो. दुकानात नेण्याआधी घरी काय करता येईल? (वाचिका, सातारा)

आधी आवाजाचा ताल मोजा, निम्मे निदान तिथेच होते. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा आवाज आला तर दोष क्रँक (पेडलचा दांडा), कॉटर पिन (क्रँक आसाला धरून ठेवणारी खीळ), पेडल किंवा बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकच्या आसाची बैठक). पेडल थांबवूनही चाकाच्या प्रत्येक फेरीला आला तर टायर, रिम किंवा आऱ्यांत. आणि पेडलच्या साधारण अडीच फेऱ्यांना एकदा आला तर चेनची एखादी कडी आखडली आहे, कारण चेनला पूर्ण फिरून यायला तेवढ्याच फेऱ्या लागतात. चार महिने उभ्या सायकलमध्ये हा तिसरा प्रकार फार आढळतो. पेडल हळूहळू उलटे फिरवा आणि चेन मागच्या दातेरी चक्रावरून, म्हणजे फ्रीव्हीलवरून, सुटते तिथे पाहत राहा. आखडलेली कडी सरळ न होता वाकडीच बाहेर येते. तिच्यावर तेलाचा थेंब टाका, पाच मिनिटांनी दोन्ही हातांनी धरून आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, हलकेच वाकवा. मोकळी होते.

चेन साफ करायला जुना दात घासायचा ब्रश आणि थोडे रॉकेल किंवा दुकानात मिळणारे डिग्रीझर पुरते. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ पेट घेते. घासल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि अर्धा-एक तास वाळू द्या. ओल्या चेनवर तेल घातले तर आत उरलेले रॉकेल ते पातळ करते आणि दोन दिवसांत चेन पुन्हा किरकिरते. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पेडल वीसेक वेळा उलटे फिरवा आणि बाहेर दिसणारे सगळे तेल पुसून टाका. तेल लागते ते रोलरच्या आत. बाहेरचे तेल फक्त धूळ धरते, आणि पावसानंतरची माती वाळली की आपल्याकडे धूळच धूळ. खोबरेल नको, ते चिकट होऊन घट्ट बसते. शिलाई मशीनचे तेल चालते, पण फार पातळ असल्याने आठवड्यात उडून जाते.

गंज वरवरचा असेल तर एवढ्यावर भागते. चेन झिजली आहे का ते पट्टीने मोजा: एका पिनच्या मध्यापासून सुरू करून बारा पूर्ण जोड्या, म्हणजे चोवीस कड्या, बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १२ इंच आणि एक सोळांश भरल्या तर चेन बदलायची वेळ आली. १२ आणि एक अष्टमांश झाल्यावरही तीच चालवली तर दातेही झिजतात आणि खर्च तिप्पट होतो.

आवाज पेडलच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर जुन्या काळ्या सायकलीत पहिला संशय कॉटर पिनवर घ्या. एक क्रँक धरून दुसरा हलवा. दोन्हींत बारीकसा ढिलेपणा जाणवला तर पिन सैल आहे. नुसता नट आवळून ती बसत नाही, उलट आटे जातात. क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्या, पिन हातोडीने ठोकून आत बसवा आणि मग नट आवळा. पिनचा सपाट भाग चेपला असेल तर नवी घाला आणि घ्यायला जाताना जुनी सोबत न्या, कारण जाडी वेगवेगळी येते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. चुकून एकाच दिशेने बसवल्या तर दोन्ही पेडले एका सरळ रेषेत येत नाहीत.

ब्रेकचे रबर काढून पाहा. पावसाळ्यातले वाळूचे कण त्यात रुतलेले असतात, तेच रिम कुरतडतात आणि किंचाळतात. सुईने कण काढा, रबर पॉलिश पेपरवर दोन-चारदा घासा, रिम कोरड्या फडक्याने पुसा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि मूठ यांत दोन बोटांची फट उरली पाहिजे.

हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटचे छर्रे उघडून ग्रीस भरणे मात्र दुकानातच करवून घ्या. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, जास्त आवळला तर चाक जड होते, सैल राहिला तर छर्रे आपली वाटी (कप) खातात, आणि हा फरक हाताला सरावानेच कळतो.

प्रश्न: टायर चांगला आहे, ट्यूब नवी टाकली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. असे का? (वाचक, बारामती)

काटा अजून टायरमध्येच आहे. बाभळीच्या काट्याचे टोक आत मोडते आणि बाहेरून दिसत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे टोक आहे. बोट फिरवू नका, चिरते.

टायरमध्ये काही सापडले नाही तर व्हॉल्व्ह तपासा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवरचे रबर कुजून चिरले की हवा रात्रभरात हळूहळू जाते. तोंडावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. नवे रबर अगदी स्वस्त मिळते, दोन जास्तीची ठेवा. पॅच लावताना सोल्युशन तीन ते पाच मिनिटे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्या. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरल्यावर सरकतो.

प्रश्न: सायकल चालवताना ओळी सुचतात, घरी पोचेपर्यंत विसरतात. मोबाइलवर बोलून ठेवल्या तर? (वाचक, सांगली)

चालवताना मोबाइल नको, इअरफोनही नको. मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज कानच देतात, आणि शब्द जुळवण्यात गुंतलेले मन तसेही अर्धेच रस्त्यावर असते. गर्दीच्या रस्त्यावर सुचू लागले तर सुचणे बाजूला ठेवा. ओळ पुन्हा येते.

मोकळ्या रस्त्यावर एका वेळी एकच ओळ धरा, तीही ताल असलेली. पेडलची चाल डावा-उजवा अशी दोनाची, म्हणून आठ-आठ मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) पादाकुलकासारखी जाती, म्हणजे मात्रा मोजून बांधलेली रचना, तिच्यावर सहज बसते:

*चाक फिरे अन् रस्ता सरतो*
*ऊन उतरते, वारा भरतो*

प्रत्येक ओळीत १६ मात्रा, आठांनंतर श्वास. अशी ओळ पाच-सहा वेळा मनात म्हटली की ती पुढच्या दुकानापर्यंत टिकते. मुक्तछंदातली ओळ अशी टिकत नाही. तिचे एकच नाव किंवा क्रियापद लक्षात ठेवा आणि थांबल्यावर बाकीचे भरा.

लिहायला सामानाच्या यादीचीच मागची बाजू वापरा. पुठ्ठ्यावर चिमट्याने लावलेली यादी आणि पेन्सिल हवी. घामाने ओलसर झालेल्या कागदावर शाई फुटते, पेन्सिल चालते. शिंप्याकडची, गिरणीतली, दुकानापुढच्या रांगेतली वाट पाहण्याची दहा मिनिटे हीच या दिवसाची खरी लिहिण्याची वेळ. त्याच दिवशी रात्री यादी फेकण्याआधी ओळी वहीत उतरवा. बाजारातल्या याद्यांबरोबर बऱ्याच चांगल्या ओळी कचऱ्यात जातात.

प्रश्न: भुजंगप्रयातात कविता लिहिते आहे. पहिली ओळ: 'निघाले सकाळी सायकलवरून'. म्हणताना अडखळते. कुठे चुकते? (वाचिका, नाशिक)

तुमचा कान बरोबर आहे, ओळ खरेच अडते. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट): लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघू (ऱ्हस्व) अक्षर, गा म्हणजे गुरू (दीर्घ). अक्षरे १२, मात्रा २०. 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत, त्यामुळे ही चाल बहुतेक मराठी कानांत लहानपणापासून बसलेली असते आणि चूक लगेच टोचते.

तुमची ओळ तोडून पाहू. 'निघाले': नि लघू, घा गुरू, ले गुरू. छान. 'सकाळी': स लघू, का गुरू, ळी गुरू. छान. आता सातव्या जागी लघू हवा, तिथे 'सा' आला, तो गुरू. इथेच गाडी अडली. आणि शब्द पुढे-मागे सरकवूनही सुटका नाही, कारण 'सायकल'मध्ये य, क, ल असे तीन लघू सलग आहेत आणि भुजंगप्रयातात दोन लघू कधीच शेजारी येत नाहीत. हा शब्द या वृत्तात बसूच शकत नाही. म्हणून शब्द तरी बदला किंवा वृत्त तरी.

शब्द बदलायचा तर असे करता येईल:

*निघाले सकाळी, किती काम बाकी*
*मला सोबतीला जुनी ही दुचाकी*

प्रत्येक गटाचे पहिले अक्षर तपासा: नि, स, कि, म; दुसऱ्या ओळीत म, ब, जु, दु. सगळे लघू, उरलेले सगळे गुरू. तिसऱ्या ओळीत पेडल किंवा घंटी आणा, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे स्कूटर उभी राहणार नाही. 'सायकल'च्या जागी 'दुचाकी' घालून 'वरून'चे 'वरूनी' करणे हा दुसरा मार्ग आहे, पण आजच्या भाषेतल्या कवितेत अशी जुनी रूपे एक-दोनदाच खपतात. प्रत्येक कडव्यात आली की कविता उसनी वाटू लागते.

वृत्त बदलायचे असेल तर मात्रांच्या जातीत 'सायकल' सुखाने बसते. सा दोन, य-क-ल प्रत्येकी एक, अशा पाच मात्रा. तिच्याजवळ तीन मात्रांचा शब्द ठेवला की आठ झाल्या: 'सायकल पुढे, रस्ता मागे'.

अक्षरे मोजूनच लिहायचे असेल तर अभंग आहे: ६, ६, ६, ४, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक.

*झेंडूचा सुवास दरवळे दारी*
*सायकल भारी पिशव्यांनी*

इथे लघू-गुरू पाहायचे नाहीत, फक्त अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे. नवशिक्याने सुरुवात इथून करावी असे आमचे ठाम मत आहे. अभंगात कान तयार झाला की मात्रा, आणि मग गणवृत्त.

जोडाक्षराआधीचा लघू गुरू होतो हा नियम डोळे झाकून लावू नका. उच्चारात आघात आला तरच तो गुरू. 'रस्ता'मधला र गुरू, पण 'तुझ्या'मधला तु लघूच राहतो. शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणा, डोळ्यांवर विसंबू नका.

प्रश्न: यंदाच्या दिवाळी अंकासाठी आता कविता पाठवली तर चालेल का? (वाचक, ठाणे)

नाही, बहुतेक अंक आतापर्यंत छपाईला गेलेले असतात. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. आता हे अंक दिवाळीआधीच बाजारात येतात, म्हणून कविता साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवल्या जातात. आत्ता लिहिलेली वहीत मुरू द्या आणि मे महिन्यात पुन्हा वाचा. पाठवताना एका पानावर एकच कविता ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, वहीच्या पानाचा फोटो नको. नाव-पत्ता कवितेखाली लिहा. तीच कविता एकाच वेळी दोन संपादकांना पाठवू नका.

प्रश्न: कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कविता वाचायची आहे. तीन मिनिटे दिली आहेत. किती ओळी पुरतील? (वाचिका, डोंबिवली)

तीन मिनिटांत अडीचच वाचायला धरा, उरलेला वेळ उठण्यात, माइक जुळवण्यात आणि दाद मिळण्यात जातो. सावकाश वाचताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे अडीचशे शब्दांच्या आत. वृत्तातली असेल तर पाच-सहा कडवी पुष्कळ झाली. गझल असेल तर मतल्यासह (मतला म्हणजे पहिला शेर) पाच शेर, म्हणजे दोन-दोन ओळींची पाच कडवी, आणि मतल्याची पहिली ओळ दोनदा म्हणायला वेळ राखून ठेवा.

कवितेआधी ती कशी सुचली हे सांगू नका. शीर्षक, एक श्वास, पहिली ओळ. जिथे ओळ संपते पण अर्थ पुढच्या ओळीत जातो तिथे कागदावर छोटा बाण काढा, म्हणजे आवाज खाली पडणार नाही. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पाच दिवस मिळतात. रोज दोनदा उभे राहून मोठ्याने वाचा, बसून पुटपुटलेले मोजू नका. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' फुटतात.

चंद्र कितीही लखलखीत असला तरी त्याच्या उजेडात नेहमीच्या आकाराचा मजकूर भरभर वाचता येत नाही. अक्षर मोठे, किमान १८ पॉइंटचे घ्या, दोन ओळींत मोकळी जागा सोडा. गच्चीवर वारा असतो, म्हणून सुटा कागद न धरता पुठ्ठ्याला वर आणि खाली असे दोन चिमटे लावा. सायकलचा पुढचा दिवा निघण्याजोगा असेल तर तोच मंद करून वरच्या चिमट्याला अडकवा. आणि मसाला दुधाचा पेला वाचून झाल्यावर घ्या. साय घशाला धरते आणि पहिल्याच कडव्यात खाकरावे लागते.